ऊन, दमट हवा आणि अहंकार

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून स्वसंरक्षणाचा क्लास. थोर कामांची सुरुवात कधी झाली हे पुढे कोणालाच आठवत नाही आणि मग लोक मनाला येईल ते रचतात. माझ्या बाबतीत तसं होऊ नये.

संध्याकाळी साडेसहाला व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर हजर झालो. वय सत्तेचाळीस. वजन लिहीत नाही. मुलगी चार वर्षं तिथे जाते, हिरवा पट्टा मिळवलाय. ती हल्ली रस्त्यात माझ्यापुढे दहा पावलं चालते. चौदाव्या वर्षी मुली असंच चालतात म्हणे. क्लासात मात्र सगळ्यांना एका रांगेत उभं राहावं लागतं. बायकोला फक्त व्यायामाचं कारण सांगितलं.

शिकवायला बाई आहेत, एकसष्ट वर्षांच्या. दिवसा त्यांचं चष्म्याचं दुकान असतं. माणसाकडे बघतात तेही नंबर काढत असल्यासारखं. मी नम्रपणे विचारलं, या कलेचा इतिहास काय? म्हणाल्या, आधी गुडघे वाकवा. वाकवले. सरळ करायला दोघांना यावं लागलं.

पंधरा फेब्रुवारीला पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. एकूण वीस स्टेप्स. हातात एक्केचाळीस दिवस, म्हणजे दिवसाला अर्धी स्टेप. लहान मूलही करील.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास सराव.

६ जानेवारी, मंगळवार, पहाटे ५.३०

मांड्या.

६ जानेवारी, संध्याकाळ

वरची नोंद अंथरुणातूनच केली होती. सरावाला उद्यापासून सुरुवात. आज बुधवार असता तर गोष्ट वेगळी होती.

७ जानेवारी, बुधवार

क्लासात बाईंनी पहिल्या दोन स्टेप्स दाखवल्या. माझा डावा पाय कोणता यावर थोडा मतभेद झाला. मुलगी रांगेच्या पलीकडच्या टोकाला होती, तिने पाहिलं नसावं.

घरी येऊन विचार केला. मूळच माहीत नसताना फांद्या हलवून काय उपयोग? आधी इतिहास, मग शरीर. इतिहास पक्का झाला की स्टेप्स आपोआप येतील. जेवताना हे बोलून दाखवलं. बायको म्हणाली, पोळी घे.

८ जानेवारी, गुरुवार

अभ्यासाला सुरुवात. नवशिक्यांसाठी केलेले अकरा व्हिडिओ पाहिले. ‘दहा मिनिटांत चौदा शतकं’ हा विशेष आवडला. सगळ्यांची सुरुवात धुक्याने होते. मग बासरी वाजते, मग एक म्हातारा डोंगरावर पाठमोरा उभा राहतो आणि खर्जातला आवाज म्हणतो, फार फार वर्षांपूर्वी. नकाशावर एक लाल रेघ सरसर पुढे जाते. मध्येच सबस्क्राइब करा म्हणतात. इतिहास इतका सोपा असताना शाळेत आम्हाला का छळलं कोण जाणे.

आजचं मोठं ज्ञान: पूर्वी एकच पट्टा असायचा, पांढरा. तो कधीच धूत नसत. घाम, माती आणि तपश्चर्या यांनी तो आपोआप काळा व्हायचा. हे तीन व्हिडिओंत सांगितलंय, म्हणजे खरंच असणार.

संकल्प: पट्टा धुणार नाही. घरात तशी सूचना दिली.

१२ जानेवारी, सोमवार

पहाटेचा सराव संध्याकाळवर ढकललाय. संध्याकाळी क्लास असतो, त्यामुळे तो झाल्यातच जमा.

आज मूळ पुरुष सापडला! चौदाशे वर्षांपूर्वी एका डोंगरावर एक लंगडा भिक्षू राहत असे. एके दिवशी त्याने झाडावरून उतरणारं मांजर पाहिलं, आणि चढणं सोपं, उतरणं ही कला, हे त्याला उमगलं. त्यातून आपली ही विद्या जन्माला आली. शिष्यांना तो सांगे: ऊन, दमट हवा आणि अहंकार यांपासून सदैव दूर राहा.

अंगावर काटा आला. ऊन आणि अहंकार कोणीही सांगेल, पण दमट हवा! चौदाशे वर्षांपूर्वी या माणसाला दमट हवेचंही भान होतं. वाक्य ओळखीचं वाटलं. खरं ज्ञान असंच वाटतं म्हणे.

१४ जानेवारी, बुधवार

बाई क्लासानंतर सतरंज्या गुंडाळत होत्या. त्यांना सुचवलं की नवशिक्यांना परंपरेची ओळख करून देणारं कोणीतरी हवं. परीक्षेच्याच दिवशी सात-आठ वर्षांच्या मुलांची नवी बॅच सुरू होते आहे, पालकही येणार आहेत. बाईंनी हातातली सतरंजी पूर्ण गुंडाळली. मग म्हणाल्या, पाच मिनिटं बोला, मी चपला लावून घेते तेवढ्यात.

व्याख्यानाचं निमंत्रण मिळालं हे घरी जाहीर केलं.

१७ जानेवारी, शनिवार

संशोधन जोरात. भिक्षूच्या कथेला आता चार स्वतंत्र पुरावे आहेत: दोन व्हिडिओ, लहान मुलांसाठीचं एक रंगीत पुस्तक आणि खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानाची वेबसाइट. चारही ठिकाणी शब्द न् शब्द तोच. दोन साक्षीदार एकसारखं बोलले की न्यायाधीशसुद्धा मान डोलावतो, इथे तर चार आहेत. सगळ्यांत जुना उल्लेख दुकानाचा. दुकानाला तो कुठून मिळाला हे लिहिलेलं नाही. एखादं हस्तलिखित असावं.

पुस्तकातल्या चित्रात मांजर करड्या रंगाचं आहे, व्हिडिओत पांढरं. विद्वानांत मतभेद असायचेच.

१९ जानेवारी, सोमवार

मुलगी आपणहून माझ्या खोलीत आली. दारातूनच म्हणाली, बाबा, गच्चीवर चल, पहिल्या पाच स्टेप्स मी बसवून देते, फार सोप्या आहेत. तेव्हा मी नेमका पाचव्या शतकातून सहाव्यात जात होतो. म्हटलं, उद्या नक्की. ती बरं म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

कारखान्यात उशीर झाला. सांगायचं राहिलंच, मी खोक्यांच्या कारखान्यात मजकूर विभाग सांभाळतो. विभागात मी एकटाच आहे. वीस वर्षं बिस्किटं, बल्ब, पंखे, उंदरांचं औषध, सगळ्यांच्या पाठीवर माझंच गद्य छापलं जातंय. बायको म्हणते, ते कोणी वाचत नाही. मी म्हणतो, औषध उंदरांनी नाही वाचलं म्हणून मजकूर वाया जात नाही.

गच्चीवर उद्या.

२४ जानेवारी, शनिवार

मुलीने पुन्हा विचारलं. मी तेव्हा व्याख्यानाची पहिली ओळ शोधत होतो. तिला म्हटलं, तुला भिक्षूची गोष्ट सांगू का? म्हणाली, माहितेय. तरी सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली. मधेच हसली. तिच्या पिढीला इतिहासाचं प्रेम नाही असं म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवं होतं.

पाच स्टेप्स राहून गेल्या. रविवारी सगळ्या वीसच उरकू.

२५ जानेवारी, रविवार

दुपारी जेवून जरा पडलो. उठलो तेव्हा ती मैत्रिणीकडे गेली होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

अनर्थ झाला. बायकोने पट्टा मशीनमध्ये टाकला, तोही लाल टॉवेलबरोबर. महिनाभराची माती आणि तपश्चर्या गेली, वर पट्टा गुलाबी झाला. मी परंपरेचा मुद्दा मांडला. ती म्हणाली, परंपरेला वास येत होता.

क्लासात बाईंनी पट्ट्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मुलं बोलली. इतिहासात गुलाबी पट्ट्याचा उल्लेख अजून सापडलेला नाही, शोध चालू आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवा पुरावा, आणि तोही घरातच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इस्त्रीचे कपडे ठेवायला मुलीचं कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला भिक्षूची तीच गोष्ट चिकटवलेली. छापील पुठ्ठा, कात्रीने व्यवस्थित कापलेला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. बायको म्हणाली, क्लासचा तिचा पहिला ड्रेस आणला त्याच्या खोक्याचा तुकडा आहे तो. दहा वर्षांची असताना तिने दुकानातच तो वाचला आणि क्लासला जायचा हट्ट धरला, म्हणून तर ड्रेस घेतला.

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माझी मुलगी त्या भिक्षूमुळे क्लासला गेली, आणि मी मुलीमुळे. परंपरा म्हणतात ती हीच. डोळे भरून आले, हे इथे लिहायला हरकत नाही.

धंद्याची सवय म्हणून पुठ्ठा बोटांनी चाचपून पाहिला. जाडीला साडेतीनशे जीएसएम, वर मॅट वॉर्निश, छपाई स्वच्छ. आमच्याकडचा वाटावा इतका चांगला.

मुलगी हल्ली गच्चीवर बोलवत नाही. माझी तयारी पाहून तिला खात्री पटली असावी.

११ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत मशीनवाल्या काकांना व्याख्यान म्हणून दाखवलं. काका तीस वर्षं छपाईच्या ऑफसेट मशीनवर आहेत, कानात कापसाचे बोळे घालून फिरतात. बोळे काढून ऐकलं त्यांनी. दमट हवेपाशी आलो तर म्हणाले, साहेब, हे आपलंच की. आठ नंबरच्या रॅकवर आहे. अजून छापतो आपण, वर्षाला दोनदा.

मी म्हटलं, शक्य नाही.

दुपारी २.१५

काकांनी नमुन्याचं खोकं आणलं. ड्रेसचं खोकं, मागच्या बाजूला एका कडेला मापांचा तक्ता, दुसऱ्या कडेला धुण्याच्या सूचना, मध्ये भिक्षू. आतमध्ये जुनी प्रूफची चिठ्ठी होती: ‘मजकूर तपासला, बरोबर आहे.’ खाली सही. सही माझ्यासारखी दिसते.

दुपारी ३.००

सही माझीच आहे. अठरा वर्षांपूर्वीची तारीख.

दुपारी ३.३०

योगायोग असू शकतो. थोर माणसांना एकच गोष्ट वेगवेगळ्या काळात सुचते. भिक्षूला चौदाशे वर्षांपूर्वी सुचली, मला अठरा वर्षांपूर्वी.

संध्याकाळी ५.१०

आठवलं. खेळाच्या दुकानाचं काम होतं. मागची बाजू मध्येच रिकामी राहत होती, मालक म्हणाला, तिथे काहीतरी परंपरा वगैरे टाका, दहा ओळी. मी खिडकीपाशी उभा होतो. बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्यावरून एक मांजर उतरत होतं, फार भीतभीत. भिक्षूला लंगडं का केलं? बहुतेक त्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता. शेवटची ओळ ‘ऊन व दमट हवा यांपासून दूर ठेवावे’ अशीच होती. मालकाला ती कोरडी वाटली, म्हणून मी अहंकार घातला.

पाचही पुरावे माझेच निघाले. एकाच माणसाला पाच वेगवेगळ्या ठिकाणी भेटून मी दर वेळी नव्याने खूश होत होतो.

आज क्लासला गेलो नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोला सांगितलं. आधी तिने ऐकून घेतलं, मग ती खुर्चीवर बसली, मग हसत सुटली. पदराने डोळे पुसत म्हणाली, म्हणजे कोणीतरी वाचतं म्हणायचं.

तसा विचार केला तर यात वाईट काहीच नाही. जगातली प्रत्येक दंतकथा कोणीतरी, कुठल्यातरी दुपारी, रिकामी जागा भरण्यासाठी रचलेलीच असणार. ते लोक विसरले गेले, मी सापडलो, इतकाच फरक. त्या दृष्टीने मी या कलेच्या आद्य पुरुषांपैकी एक ठरतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आद्य पुरुषाला आज क्लासात सातवी स्टेप आली नाही. आठवीपासून पुढच्या बाकी आहेत.

प्रश्न मुलीचा आहे. चार वर्षं ती रोज सकाळी कपाट उघडते आणि ते वाचून ड्रेस काढते. आता तिला काय सांगू? की तुझा डोंगर म्हणजे आमचा सायकल स्टँड? ज्याच्या भरवशावर ती इतकं शिकली तो भिक्षू तिच्या बापाने पगारासाठी लिहिला? आधीच दहा पावलं पुढे चालते. उद्यापासून पलीकडच्या फुटपाथवरून चालेल.

संकल्प: रविवारी व्याख्यानात सगळ्यांसमोर खरं सांगायचं. छातीठोकपणे. चार लोकांत सांगितलं की घरात वेगळं सांगावं लागत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान नव्याने लिहिलं. सुरुवात: मुलांनो, एक चूक झाली आहे. खोडलं. दुसरी सुरुवात: मुलांनो, मांजर खरं आहे. हे बरं वाटलं.

स्टेप्सचा सराव दुपारी गच्चीवर एकट्याने केला. सहापर्यंत गेलो आणि तोंड टाकीकडे झालं, ते का झालं हे कळलं नाही. मुलगी खाली अभ्यास करत होती. हाक मारावीशी वाटली. पण महिनाभर उद्या-उद्या करणाऱ्या माणसाने आज कोणत्या तोंडाने हाक मारायची?

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २.००

सकाळी नऊला परीक्षा. सहाव्या स्टेपपर्यंत उत्तम. सातव्या स्टेपला बाकीचे सगळे बाईंकडे वळले आणि मी पालकांकडे. माझ्यासमोर चाळीस पालक होते. त्यांतल्या एका आजोबांनी मला नमस्कार केला. मीही केला.

बाई म्हणाल्या, तुम्ही नव्या बॅचमध्ये बसा, पाया पुन्हा घालू. अपमान करायचा म्हणून नाही, चष्म्याचा नंबर सांगावा तसं त्या म्हणाल्या. सतरा मुलं मांडी घालून बसली होती. अठरावा मी, गुलाबी पट्टा लावून. मांडी घालता आली नाही, पाय पसरून बसलो.

दहाला व्याख्यान. उभा राहिलो. मुलांनो, मांजर खरं आहे, असं म्हणालो आणि सतरा तोंडं उघडी पडली. आता पुढे खरं सांगायचं होतं. पण त्या मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गेल्या वीस वर्षांत माझ्या कोणत्याही मजकुराकडे कोणी पाहिलं नव्हतं. मग काय, धुकं आलं, डोंगर आला. बासरी नव्हती तर तीही तोंडाने वाजवली. दमट हवेपर्यंत सगळं सांगून बसलो. टाळ्या पडल्या. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढचे दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला. बाईंना विचारलं, तुम्ही पाहिला का तो लंगडा आजोबा?

बाई म्हणाल्या, नाही. मला पार्सल निवडणाऱ्या एका बाईंनी शिकवलं. टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत, पाच वाजता काम सुटलं की. त्यांना त्यांच्या शेजाऱ्याने शिकवलं होतं, तो इस्पितळात लिफ्ट चालवायचा. त्याला कोणी शिकवलं ते तो सांगायचा नाही. त्याच्या आधीचं मला काही माहीत नाही.

मला वाटलं मुलं हिरमुसतील. पण ती सगळी पुढे सरकली. लिफ्टमध्ये शिकवायचा का? पार्सलं अंगावर पडायची का? लिफ्टवाल्याला कोणी मारायला आलं होतं का? बाईंनी एकेक उत्तर दिलं, तेही हळूच हसत. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. धुकं नाही, बासरी नाही, तरी माझ्या टाळ्यांपेक्षा ते जास्त रंगलं. वाईट वाटलं. मग मलाही विचारावंसं वाटलं की त्या पार्सलवाल्या बाई कशा दिसायच्या. मी हात वर केला. बाई म्हणाल्या, बुटक्या होत्या आणि फार चिडायच्या.

मग त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी तिच्यात आपलं नाव लिहायचं आणि पुढच्या रकान्यात, कोणाकडून शिकतो ते लिहायचं. जानेवारीत मी बॅचशिवाय एकटाच आलो म्हणून माझं राहून गेलं होतं. नव्या बॅचला हिरव्या पट्ट्याची मुलं शिकवतात, म्हणून वहीपाशी माझी मुलगी उभी राहिली. आम्ही तिला ताई म्हणायचं असं ठरलं.

रांग उंचीप्रमाणे लावली, त्यामुळे मी शेवटी. सतरा मुलं सावकाश अक्षरं काढत होती, वेळ भरपूर होता. तेवढ्यात धीर केला. वहीपाशी पोचलो तेव्हा वाकून तिच्या कानात सगळं सांगून टाकलं: खोकं, मांजर, पत्रा, सही, अहंकार.

ती म्हणाली, माहितेय. अकरा वर्षांची होते तेव्हापासून. खोक्याच्या तळाला तुमच्या कारखान्याचं नाव होतं, आणि दमट हवा तुझ्याशिवाय कोण लिहितं?

मी विचारलं, मग दारावरून काढलं का नाहीस?

वहीचं पान सरळ करत ती म्हणाली, तू लिहिलंयस म्हणून. मग लगेच ताईच्या आवाजात म्हणाली, आटपा, बाई थांबल्यात.

मला दोन मिनिटं अक्षर दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार, बाईंकडे जाऊन तपासून घेईन. मग नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात, कोणाकडून, तिथे मोठ्या दिमाखात तिचं नाव लिहायला घेतलं. पहिलंच अक्षर काढलं तोच तिने माझा हात धरला. म्हणाली, बाबा, अजून तू काहीच शिकला नाहीयेस. पेन्सिलने लिही.

पेन्सिलने लिहिलं.